भंडारदऱ्याचा प्लॉट आणि सातबाऱ्यावरचे नाव

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली. धुक्यातला डोंगर, खाली भंडारदऱ्याचे पाणी आणि वर मोठ्या अक्षरांत 'निसर्गाच्या कुशीत आपले हक्काचे दुसरे घर'. दहा गुंठ्यांचे प्लॉट, अंतर्गत रस्ता, लाईट, कंपाउंड, सुलभ हप्ते. मित्र सरकारी नोकरीत आहे. बापाने बिगारी करून शिकवलेला, घरातला पहिला पदवीधर, भीमजयंतीला वर्गणी सगळ्यात आधी देणारा. जाहिरातीखाली त्याने विचारले होते, "दादा, घेऊ का? तू अकोल्याकडे फिरतोस म्हणून विचारतो."

मी लगेच उत्तर दिले नाही. त्या जाहिरातीतला 'हक्काचे' हा शब्द डोक्यात अडकून बसला होता. हक्क हा आपल्या चळवळीचा शब्द. तो त्या डोंगरात कुणाचा, कधीपासूनचा आणि कसा कसा गेला, हे सांगितल्याशिवाय 'घे' किंवा 'नको घेऊ' म्हणणे मला जमले नसते. ते सांगायला थोडे मागे जावे लागते. म्हणून हा लेख.

अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा म्हटला की लोकांना दुष्काळ, ऊस आणि साखर सम्राट आठवतात. पण जिल्ह्याचे पश्चिम टोक वेगळे आहे. अकोले तालुका सह्याद्रीत घुसलेला. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, इथेच. घाटघर, रतनवाडी, साम्रद ही पावसाची गावे. लोकसंख्येत निम्म्याच्या जवळपास आदिवासी, मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर. डोंगरउतारावर बांध घालून केलेली भाताची खाचरे, वर नाचणी आणि वरई. पावसाळ्यात आवणी, आणि पावसाळा संपला की नारायणगावच्या मजूरबाजारात जाऊन उभे राहणे. पर्यटकाला त्यातले धुके, धबधबे आणि मे-जूनमधले काजवे दिसतात. नारायणगावचा बाजार त्याच्या वाटेत येत नाही.

या डोंगरातली जमीन पहिल्यांदा हातची गेली ती कागदावर. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला. कोळी नाईकांचे गडकिल्ल्यांच्या राखणीचे जुने हक्क काढले गेले, सारा रोखीत भरायची वेळ आली, आणि रोख पैसा होता सावकाराकडे. सावकाराच्या हातात रोखा, रोख्यावर अंगठा, अंगठ्यामागे कोर्ट. याविरुद्ध उभे राहिले देवगावचे राघोजी भांगरे. त्यांच्या बंडाचा रोख जितका सरकारवर होता तितकाच सावकारांवर. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. आज त्यांच्या जयंतीला सगळ्या पक्षांचे पुढारी हार घालायला येतात. त्यांचा लढा कुणाशी होता हे भाषणात फारसे येत नाही. आले तर श्रोत्यांमधल्या काही जणांना खुर्चीत अवघडल्यासारखे होईल.

राघोजींनंतर सत्तावीस वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि तो वणवा नगर जिल्ह्यातही पसरला. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. इतिहासाच्या पुस्तकात एवढे असते. पुस्तकात नसते ते हे, की हा कायदा ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीन होती त्याच्यासाठी होता. गावकुसाबाहेरच्या महाराकडे जी जमीन होती ती वतनाची. १८७४ च्या वतन कायद्याने ती बाहेर विकता येत नव्हती, आणि तिच्या मोबदल्यात सरकारी चाकरी रात्रंदिवस. शेतकऱ्याच्या गळ्यात रोखा होता, महाराच्या गळ्यात जमीनच दोरखंडासारखी होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचे बिल आणले ते हा दोरखंड कापण्यासाठी. तो पुढे कापला गेला तेव्हा काय झाले, ते खाली येईलच.

आता भंडारदरा. १९१० मध्ये इंग्रज सरकारने प्रवरेवर इथे दगडी धरणाचे काम सुरू केले आणि ते १९२६ मध्ये पुरे झाले. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला दिले. साठवण सुमारे ११ टीएमसी. पर्यटन खात्याची माहितीपत्रके या धरणाचे वय, उंची आणि ओसंडून वाहणाऱ्या पाण्याचे देखणेपण सांगतात. पाण्याखाली कुणाची खाचरे गेली ते सांगत नाहीत. तेव्हा पुनर्वसनाचा कायदा नव्हता. १८९४ चा भूसंपादन कायदा होता, त्यात पैसे होते, जमिनीला जमीन नव्हती. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा यायला १९७६ उजाडले, म्हणजे धरण भरल्यानंतर पन्नास वर्षे.

आणि हे पाणी गेले कुठे? खाली. प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या पट्ट्यात. तिथे ऊस उभा राहिला. श्रीरामपूरजवळ हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना आला, त्याच्यासाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेतल्या गेल्या आणि 'खंडकरी' हा शब्द जिल्ह्याच्या राजकारणात पुढे अनेक दशके गाजत राहिला. मग प्रवरानगरचा सहकारी कारखाना, मग सहकाराचे साम्राज्य. डोंगरातल्या पाण्यावर सपाटीवर पिढ्यान् पिढ्यांची सत्ता उभी राहिली. धरणाच्या भिंतीशेजारच्या पाड्यांवरच्या बाया मात्र एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर हंडे घेऊन उतार चढत राहिल्या. त्याच नदीवर खाली निळवंड्याचे धरण १९७० मध्ये मंजूर झाले, आणि त्याच्या कालव्यातून पाणी सुटायला २०२३ साल उजाडले. ज्यांना आधी मिळाले त्यांना पुन्हा मिळते आणि ज्यांना नाही मिळाले ते वाट पाहतात, याचा हिशेब जिल्ह्यातल्या प्रत्येक नदीकाठावर लिहिलेला आहे.

हरेगावची गोष्ट इथे अर्धवट सोडता येत नाही, कारण ती आपली आहे. १६ डिसेंबर १९३९ रोजी याच हरेगावात महार, मांग, वेठियांची वतनदार परिषद भरली आणि अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्न होता वतनी जमिनीवर सरकारने वाढवलेल्या जुडीचा. जुडी म्हणजे वतनावरचा सारा. चाकरी फुकट घ्यायची, जमीन तुटपुंजी द्यायची आणि वरून त्या जमिनीवर कर वाढवायचा! भंडारदऱ्याच्या पाण्यावर हिरव्या झालेल्या उसाच्या मुलखात, ज्यांना त्या पाण्याचा थेंब मिळाला नव्हता ते लोक आपल्या कोरड्या वतनाचा हिशेब मागायला जमले होते. आमच्या जिल्ह्यातले तरुण महाडला जातात, नाशिकला जातात, नागपूरला तर जातातच. हरेगावला किती जण गेले असतील?

हे झाले पाण्याचे. डोंगरातून दुसऱ्यांदा न्यायचे उरले होते ते दृश्य.

थंड हवेच्या ठिकाणी दुसरे घर बांधण्याची टूम इंग्रजांची. महाबळेश्वर १८२०च्या दशकाच्या शेवटी गव्हर्नर माल्कमने वसवले, माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेटने 'शोधले'. शोधले म्हणजे काय, तर तिथे आधीपासून राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांच्या पायवाटेने तो वर चढला. साहेबाला उन्हाळा सोसत नव्हता म्हणून बंगला. साहेबामागे मुंबईचे शेठ, संस्थानिक, वकील. बंगला म्हटला की वर सामान नेणारे, पाणी भरणारे, मैला उचलणारे, साहेबाला खांद्यावर किंवा रिक्षात बसवून ओढणारे हात लागतात. ते हात कुठल्या जातीचे होते हे सांगायला संशोधन करावे लागत नाही. माथेरानमध्ये माणसाने माणसाला ओढण्याची रिक्षा एकविसाव्या शतकातही चालू होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ती सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करायला सांगितले. दीडशेहून अधिक वर्षांचे हिल स्टेशन, आणि ओढणाऱ्याची प्रतिष्ठा कोर्टाच्या पटलावर यायला इतका वेळ!

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात जमिनीचे कायदे चांगले झाले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९४८ चा कूळकायदा म्हणतो, शेतकरी नसलेल्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येणार नाही. १९६१ चा सीलिंग कायदा जास्तीची जमीन काढून भूमिहीनाला द्यायला सांगतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत १९७४ मध्ये कलम ३६ अ आले. ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता, बक्षीस देता, गहाण टाकता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर कलेक्टरची परवानगी, त्यापुढे राज्य सरकारची. सोबत आणखी एक कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी त्यांना परत देण्याचा. हे फुकट मिळालेले नाही. याच्या मागे आदिवासींचे मोर्चे आहेत, दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत, ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर तुरुंग भरणारे रिपब्लिकन कार्यकर्ते आहेत. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अकोले तालुक्यातली गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात आली. ही अनुसूची बाबासाहेबांच्या संविधानातली, हे सांगायला नको.

मग १९९६ आले. या वर्षातल्या दोन तारखा लक्षात ठेवा. २६ नोव्हेंबर १९९६ रोजी महाराष्ट्राच्या नगरविकास खात्याने डोंगराळ भागात पर्यटन केंद्रे, हॉलिडे होम आणि टाऊनशिप उभारण्याची विशेष नियमावली काढली. यालाच लोक हिल स्टेशन धोरण म्हणतात. २४ डिसेंबर १९९६ रोजी देशात पेसा कायदा झाला, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमीन, पाणी, जंगल यांवर अधिकार देणारा. अठ्ठावीस दिवसांचे अंतर. एका महिन्यात दिल्लीने डोंगर ग्रामसभेच्या हाती दिला आणि मुंबईने बिल्डरच्या. दोघांपैकी कोण आधी कामाला लागले? पेसाचे महाराष्ट्रातले नियम यायला २०१४ साल लागले. हिल स्टेशनची नियमावली लगेच धावू लागली. आणि हो, २६ नोव्हेंबर ही संविधान स्वीकारल्याची तारीख. योगायोगच असेल, पण मंत्रालयात कुणालाही ती तारीख खटकली नाही.

त्या धोरणातून सगळ्यात मोठे जे उभे राहिले ते शेजारच्या पुणे जिल्ह्यात, लवासा. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली अठरा गावे हिल स्टेशन म्हणून जाहीर झाली. वरसगाव धरणाच्या काठावर इटालियन नमुन्याचे शहर. कातकऱ्यांच्या जमिनी, सीलिंगखाली भूमिहीनांना वाटलेल्या जमिनीही या व्यवहारांत आल्याच्या तक्रारी झाल्या, आंदोलने झाली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिकेचा निकाल लागला, आणि कोर्टात यायला फार उशीर झाला हे त्यातले मुख्य कारण ठरून दिलासा नाकारला गेला. दिवाळखोरीत घर घेणाऱ्यांचे पैसे अडकले त्याच्या बातम्या छापून आल्या. जमीन देणाऱ्या कातकऱ्याची दिवाळखोरी कुठल्या लवादापुढे चालते?

अकोल्यात लवासा झाले नाही. इथे काम किरकोळीने चालते, म्हणून ते दिसत नाही आणि म्हणून जास्त चिवट आहे. कागद कसे होतात ते फिरताना ऐकायला मिळते. एक प्रकार म्हणजे नावाचा आदिवासी. जमीन आदिवासीकडून आदिवासीनेच घेतलेली, मात्र पैसे शहरातल्या शेठचे आणि ताबाही शेठचा. दुसरा प्रकार कुलमुखत्यारपत्र आणि साठेखताचा. खरेदीखत होत नाही, पण विसार दिला जातो, अंगठा घेतला जातो, कंपाउंड पडते. तिसरा भागीदारीचा. जमीन 'त्याची', टेंट आणि खोल्या 'यांच्या'. तुकडेबंदीचे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये खाली आणून जिरायतीला वीस गुंठे केले, तरी दहा गुंठ्यांचे प्लॉट विकले जातातच. मोठा गट चार-सहा जणांच्या नावे सामाईक घ्यायचा आणि आपापसात आखून घ्यायचा. सातबारा एक, दगड वेगवेगळे. सरकारने गरीब शेतकऱ्याची जमीन तुकडे होऊन नापीक होऊ नये म्हणून केलेल्या कायद्याला असा वळसा घालून शहरातला माणूस तुळस लावायला अंगण मिळवतो.

हे सगळे कागद पाहिले की राघोजी भांगऱ्यांच्या काळातला सावकाराचा रोखा आठवल्याशिवाय राहत नाही. तेव्हाही अंगठा होता, आताही आहे. फरक इतकाच की तेव्हा जमीन कसायला सावकाराला मूळ मालकच लागत होता, म्हणून तो शेतावर राहिला. आता तो वॉचमन म्हणून राहतो. आपल्याच खाचरावर बांधलेल्या बंगल्याच्या फाटकाशी बसतो, शनिवारी साहेब येणार म्हणून शुक्रवारी टाकी भरून ठेवतो, त्याची बायको स्वयंपाक आणि भांडी करते. साहेब उदार असतो. दिवाळीला कपडे देतो. वर्षातले तीनशे दिवस बंगला बंद आणि त्या तीनशे दिवसांत तिथे भाताचा एक दाणाही पिकत नाही.

यावर लगेच एक प्रतिवाद येतो आणि तो टाळून चालणार नाही. आदिवासी शेतकरी स्वतःच विकायला तयार असेल तर? मुलीचे लग्न आहे, दवाखाना आहे, पोराला मोटारसायकल हवी आहे. तुम्ही कायदे दाखवून त्याला गरीबच ठेवणार का? कलम ३६ अ मुळे त्याच्या जमिनीला भाव येत नाही, बँक कर्ज देत नाही, हे खरे आहे. पर्यटनातून काही पोरांना काम मिळाले, टेंट लावून, गाईड होऊन, घरगुती जेवण देऊन दोन पैसे आले, हेही खरे आहे. पण त्यांच्या टेंटचा पैसा आणि बंगल्याचा पैसा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, शब्दशः. टेंटवाल्याकडे जमीन राहते. पुढच्या वर्षी पर्यटक आला नाही तर तो भात लावू शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी आदिवासींना जमीन खासगी उद्योगांना भाड्याने देण्याची मुभा देण्याची घोषणा केली तेव्हा आदिवासी संघटनांनी विरोध केला तो याच अनुभवातून. भाडेपट्टा संपेपर्यंत कुणाचा कागद कुठे पोहोचलेला असतो हे त्यांना सांगावे लागत नाही.

आता वतनाकडे परत येतो. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. बाबासाहेब ते पाहायला नव्हते. जमिनी जुन्या वतनदारांना परत दिल्या, पण नवीन शर्तीने, म्हणजे भोगवटादार वर्ग २. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाहीत. अट चांगल्या हेतूची होती. पण आमच्याच गावागावांत काय झाले? जमीन कागदावर आमच्या आजोबांची, कसतो दुसराच. शहर जवळ आले की चार वारस शोधून काढायचे, त्यांच्या सह्या घ्यायच्या, उरलेल्या चाळीस वारसांना पत्ताच नाही. २०२५ मध्ये पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या चाळीस एकरांचा व्यवहार गाजला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला पहिल्यांदा कळले की महार वतन नावाची काही गोष्ट असते आणि तिची किंमत शेकडो कोटी होऊ शकते. ती किंमत वारसांच्या वाट्याला किती येते हा वेगळा प्रश्न.

म्हणजे महाराष्ट्रात दुबळ्यासाठी राखलेली जमीन तीन नावांची. आदिवासी जमीन, वतन जमीन आणि गायरान. गायरानावरच्या आपल्या झोपड्या आणि कसलेल्या पट्ट्या १४ एप्रिल १९९० पूर्वीच्या असतील तर नियमित करण्याचा निर्णय सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी काढला. अनेक गावांत तो फायलीतच राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत काढा म्हटल्यावर मात्र नोटिसा सुसाट निघाल्या आणि त्या आल्या भूमिहीनांच्या दारावर. गायरानावर खोपट घातले तर अतिक्रमण. आदिवासीच्या खाचरावर मुखत्यारपत्राने बंगला बांधला तर पर्यटन विकास. भाषेचा हा खेळ नीट पाहा.

आणि भावाचे बघा. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण आणि स्वाभिमान योजना आहे. २००४ मध्ये सुरू झाली. २०१८ मध्ये सुधारून शंभर टक्के अनुदानाची केली. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत, आणि भावाची मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख, बागायतीला ८ लाख. आता मित्राच्या जाहिरातीसारखी कुठलीही जाहिरात काढा, दहा गुंठ्यांचा भाव वाचा आणि चाराने गुणा. एकराचा भाव निघेल. पाच लाखांत बसतो का? समाजकल्याण कार्यालयात अर्ज करून बसलेल्या विधवा बाईला जमीन का मिळत नाही याचे उत्तर त्या गुणाकारात आहे. सुट्टीतल्या घरासाठी येणारा पैसा फक्त एका डोंगराचा भाव वाढवत नाही, तालुक्याचा वाढवतो. विकणारा आता एकरात बोलतच नाही, गुंठ्यात बोलतो. गुंठ्याच्या भावाने शेतमजूर शेतकरी होऊ शकत नाही.

जगात याचा विचार झालेला आहे. स्वित्झर्लंड हा डोंगरातल्या बंगल्यांचाच देश. तिथल्या लोकांनी ११ मार्च २०१२ रोजी मतदान करून ठरवले की कुठल्याही गावातल्या एकूण घरांपैकी दुसरी घरे वीस टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. श्रीमंत देश, कम्युनिस्ट नव्हे, तरी त्यांनी आपले गाव रिकाम्या बंगल्यांचे होऊ दिले नाही. आपल्याकडे पेसाने ग्रामसभेला तेवढाच अधिकार दिला आहे, त्यासाठी देशभर मतदानही घ्यायला नको. ग्रामसभा बोलवायची आणि ठराव करायचा. अकोल्यातल्या आदिवासी तरुणांनी हे मनावर घेतले तर आपण त्यांच्यासोबत उभे राहायचे, पुढारपण करायला जायचे नाही.

आता मित्राकडे. हा लेख त्याला दाखवला तेव्हा त्याने मला एक टोमणा मारला. "बाबासाहेबांचाही तळेगाव दाभाड्याला बंगला होता की! त्यांनी घेतला तर चालतो, आम्ही घेतला तर भांडवलदार?" प्रश्न चांगला आहे. होता, बाबासाहेबांचा तळेगावला बंगला होता. ज्या माणसाला बडोद्यात बॅरिस्टर होण्याआधी राहायला जागा मिळाली नव्हती, पारशी खानावळीतून ज्याला काठ्या घेऊन हाकलले होते, त्याने राजगृह बांधले आणि तळेगावला शांत जागा घेतली, याचा मला अभिमान आहे. आपल्या माणसाने दुसरे घर घेऊ नये असे मी म्हणत नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या पोराने डोंगरात जाऊन चार दिवस पाय पसरून झोपावे, यात मला काहीही गैर वाटत नाही. उलट जे आजपर्यंत फक्त सामान उचलायला वर गेले त्यांच्या नातवाने खोलीची चावी हातात घेऊन जावे. पण ते सामान आता कुणाच्या डोक्यावर आहे, हे आपण बघणार नसू तर मग महाबळेश्वरच्या साहेबात आणि आपल्यात काय उरले?

मी त्याला म्हटले, आधी सातबारा काढ. फुकट बघता येतो महाभूलेखवर. जाहिरातवाल्याला गट नंबर विचार, तो टाळत असेल तर तिथेच समज. भोगवटादार वर्ग कुठला आहे ते बघ. 'इतर अधिकार' मध्ये कलम ३६ किंवा ३६ अ ची नोंद आहे का, हस्तांतरणास बंदी लिहिले आहे का, ते बघ. नंतर जुने फेरफार काढ, आजचे नाव कुणाकडून कसे आले ते कळेल. कायदा मोडून झालेला व्यवहार कलेक्टर रद्द करू शकतो आणि जमीन सरकारजमा होते, तेव्हा तुझे पैसेही जातील.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. एजंटाने आधी गट नंबर दिला नाही, मग दिला. सातबाऱ्यावर एका ठाकर बाईचे आणि तिच्या तीन मुलांचे नाव होते. 'इतर अधिकार' मध्ये ३६ अ ची ओळ स्पष्ट होती. एजंट म्हणाला होता, "साहेब, त्याची काळजी करू नका, सगळेच असे घेतात. तुमच्या समाजातलेही दोघे आहेत आमच्याकडे."

मित्राने विसार दिला नाही. आता तो विचारतोय, त्या दोघांची नावे एजंटाकडून काढायची का, आणि काढली तर त्यांच्याकडे कुणी जायचे. पुढच्या रविवारी आम्ही दोघे जाणार आहोत.

जयभीम.